लावल्द

तहसीलच्या रेकॉर्डरूममधले चाचा निजामकाळची उर्दू दप्तरं वाचून देतात. पान उलटण्याआधी ते आतल्या मेलेल्यांना हळूच म्हणतात, "सरका जरा."

दुष्काळात ओस पडलेल्या आमच्या इनामी जमिनीवर आता प्लॉट पडत होते. पणजोबांचे वारस आम्हीच, हे सिद्ध करायला मी महिनाभर तिथं खेटे घालत होतो. शेवटी चाचांचं बोट पणजोबांच्या नावापुढच्या एका शब्दावर थांबलं.

"लावल्द. म्हंजे बिनलेकराचा मेला."

"साफ खोटं! मग मी कोण, चाचा?"

त्यांनी पानाला कान लावला. "तुमचे पणजोबा म्हणतात, दोन लेकरं व्हती. लिहिणाऱ्यानं पाटलाला विचारलं, मला नाय. धाकट्याला सहा बोटं व्हती."

लहानपणापासून खिशात लपवलेला उजवा हात मी बाहेर काढला आणि सहाही बोटं त्या शब्दावर ठेवली.