इंजिनाचं ठोकणं

माझ्या मुलाच्या, दिनकरच्या गॅरेजात आज गुरुजींची जुनी पेट्रोलची जीप आली होती. मागच्या खेपेला दिनकरनेच तिच्या इंजिनात नवी टायमिंग चेन बसवली होती आणि तेव्हापासून चढावर इंजिन ठोकत होतं, आतून ठकठक आवाज येई.

"आई, चेन एक दात पुढे बसली माझ्याकडून," तो हळूच म्हणाला. "झडपा उघडणारा कॅमशाफ्ट पुढे गेला, त्याच्यावर फिरणारा, ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटरही गेला. ठिणगी लवकर पडते, म्हणून ठोकतंय."

"मग उघड परत."

"दिवस जाईल अख्खा."

त्याने नुसता डिस्ट्रिब्युटर मागे फिरवला. ठोकणं थांबलं. चेन चुकलेलीच राहिली. झडपा अजून चुकीच्याच वेळी उघडणार, म्हणून गाडी आता नीट ओढणार नाही, एवढंच.

गुरुजी खूश झाले. "काकू, दिनकरच्या हाताला गुण आहे हो!" मी हसले, आणि त्या हसण्याची मला लाज वाटली.

घरात मीही हेच करते. सून करवादली की म्हणते, "हळू बोल, लोक ऐकतात." ती गप्प होते आणि मी समजते, मिटलं. तिला काय खुपतं, ते कधी विचारलेलं नाही.

जीप रस्त्याला लागत होती. मी ओरडले, "गुरुजी, थांबा! आमचं काम चुकलंय."

दिनकर खाली बघून हात पुसत राहिला. मलाही मान वर करवेना.