उशाची फळी

गल्लीच्या टोकाला राहणारे पलंगकाका जन्मभर पलंग करत आले. आपला एकही पलंग कधी परत आला नाही, असं ते सांगतात. त्यांचा पलंग चार माणसांशिवाय उचलत नाही, असं काकू सांगतात. दोन्ही खरं असावं.

हात थरथरायला लागले तसं काकांनी दुकान बंद केलं आणि घरी बसले. घर काकूंच्या दुधाच्या धंद्यावर चालत होतंच. घरामागे गोठा, गोठ्यात नऊ गाई. तिथे काकांना काम नव्हतं, पण एक स्टूल होतं. ते कोपऱ्यात, म्हातारीजवळ. म्हातारी म्हणजे सगळ्यांत जुनी गाय. सागाचं लाकूड कसं ओळखावं, गिऱ्हाईक खोटं बोलतं तेव्हा कुठे बघतं, धाकट्या जावयाचं नेमकं काय चुकतं, हे सगळं काका तिला सविस्तर सांगत. त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी घरात ती एकटीच. एवढा वेळ गोठ्यात काय करता, असं कुणी विचारलं की काका म्हणत, "छे, तिथं वारा चांगला येतो." त्या कोपऱ्यात पंख्याचासुद्धा वारा पोचत नव्हता.

मग म्हातारीच्या मागच्या पायाचा घोटा सुजला. मोसंबीएवढा. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी घोटा दाबून पाहिला आणि खालच्या सिमेंटवर चप्पल आपटली.

"काकू, या दगडावर तुम्ही झोपाल का? गाय दिवसातला निम्मा वेळ आडवी पडली पाहिजे. दावी सोडा. प्रत्येकीला एकेक कप्पा करा, मध्ये पाइप, खाली वाळूची मऊ गादी. गादी वाटेपेक्षा वीतभर उंच ठेवा, म्हणजे शेण मागे वाटेत पडेल आणि कास स्वच्छ राहील."

काकूंनी हिशोबी माणसासारखी मान हलवली. "करून बघते. पण सूज उतरली नाही, तर म्हातारीला गुरांच्या व्यापाऱ्याकडे देणार. बाकीच्या आठ जणींचं करता करताच माझी कंबर जाते."

काका स्टुलावरून उठले. "पलंगच करायचेत ना? मग बाहेरचा माणूस कशाला?"

डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकृती काढून दिली. "काका, डोक्याकडे मोकळं ठेवा हं. कारण असं की..."

"कळलं, कळलं," काका म्हणाले. दुसऱ्या सुताराच्या कामाकडे बघावं तसं त्यांनी त्या आकृतीकडे बघितलं. बाई गेल्यावर काकूंना म्हणाले, "उशाला फळी नाही. याला पलंग म्हणत नाहीत, फळकूट म्हणतात."

काम सुरू झालं. आकृतीप्रमाणे गोठ्याची मागची भिंत कंबरेइतकी ठेवून वरची पाडली, कप्पे तिच्यापासून हातभर अलीकडे आखले. काकांनी टेप घेऊन एकेका गाईचं माप घेतलं, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत. दोघींनी टेप चाटली, एकीने थोडी खाल्ली. पाइप वाकवले, वाळू चाळून अंथरली, वर भुसा आणि चिमूटभर चुना. मग प्रत्येक गादीवर काका स्वतः धपकन गुडघे टेकून बघत. गुडघा दुखला तर आणखी वाळू, पँट ओली झाली तर आणखी भुसा. काकूंना धुण्यावरून कामाचा अंदाज येई.

आणि प्रत्येक कप्प्याच्या उशाला त्यांनी एकेक सागाची फळी बसवली. रंधा मारलेली, कडा गोल केलेली, पॉलिश केलेली. म्हातारीच्या फळीवर तर एक पानही कोरलं. थरथरत्या हातांमुळे ते कोबीसारखं दिसत होतं, पण कुणी तसं म्हणालं नाही.

समोरच्या वहिनी बघायला आल्या. "अगं बाई. आमच्या ह्यांनासुद्धा एवढा चांगला पलंग नाही."

"त्यांना दूध द्यायला सांगा," काकू म्हणाल्या, "मग करून देतो."

गाई आत सोडल्या. त्या कप्प्यांपाशी गेल्या. पुढचे दोन पाय गादीवर ठेवले, मागचे दोन वाटेतच, आणि विचार करत उभ्या राहिल्या. विचार करून झाल्यावर सगळ्या माघारी फिरल्या आणि वाटेतल्या शेणात बसल्या. म्हातारी तिथेही बसली नाही. ती उभीच राहिली.

"नव्याची सवय नाही त्यांना," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तेच. "चांगल्याची सवय नाही," काका म्हणाले.

आठवडा गेला. गाई शेणाने बरबटलेल्या, काकू कासा धुऊन वैतागलेल्या, आणि घोटा मोसंबीचा पपनस झालेला. काकूंनी व्यापाऱ्याला निरोप धाडला. तो शुक्रवारी संध्याकाळी येतो म्हणाला. त्या दिवशी काकांनी म्हातारीलाही काही सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी काका एकटेच गोठ्यात गेले. पलंगात खोट नाही हे सिद्ध करायचं तर त्यावर आडवं व्हावं लागतं. दुकानातही ते तसंच करत. ते म्हातारीच्या कप्प्यात शिरले आणि तिच्यासारखे कुशीवर पडले. वाळू झकास होती. अंगाखाली हवी तिथे दबत होती, हवी तिथे धरत होती. काकांचा डोळासुद्धा लागला.

अडचण उठताना आली. घरी काका खिडकीची कड धरून उठतात. इथे पाइप हाताला पोचत नव्हते, फळी गुळगुळीत होती. ते पालथे झाले, हातापायांवर आले. गुडघे काही वाकायला तयार नव्हते, म्हणून आधी मागची बाजू वर केली आणि उभं राहण्यासाठी सगळा भार पुढे झोकला.

धाड.

काका खाली बसले. जरा वेळाने पुन्हा तसंच केलं. पुन्हा धाड. वाटेत उभी असलेली म्हातारी नेहमीसारखं शेवटपर्यंत बघत होती.

आवाज ऐकून काकू बादली घेऊन आल्या. कंपाउंडवरून समोरच्या वहिनींचं डोकं वर आलं.

"अहो, काय करताय?"

"काही नाही. पलंग बघतोय."

"बघून झालं असेल तर उठा."

"उठतोय."

तिसऱ्या धाडीला काकूंनी बादली खाली ठेवली. "अहो, म्हातारीही अशीच उठते. आधी मागून, मग डोकं हातभर पुढे टाकून."

काका चार पायांवर तसेच राहिले. समोर फळी होती. फळीवर कोबी होता.

"डोकं पुढे टाकायला जागाच नाही," ते म्हणाले. "उठता येणार नाही तिथे ती बसेल कशाला?"

"डॉक्टरीणबाई तेच सांगत होत्या."

"कारण नव्हतं सांगितलं."

"तुम्ही सांगू दिलं नाहीत."

शहाण्याला शब्दाचा मार, म्हणतात. काकांना सागाचा लागला. कपाळ चोळत ते म्हणाले, "पेचकस आण."

"आधी बाहेर तर या."

"फळी काढल्याशिवाय मला उठता येत नाही."

काकूंनी पेचकस आणून दिला आणि काकांनी आतल्या आत, चार पायांवरच, स्वतःची फळी सोडवली. वेळ लागला. स्क्रू लांब होते, काकांचेच. दुपारपर्यंत नऊच्या नऊ फळ्या निघाल्या. पलंग आजही एकही परत आलेला नाही. फळ्या तेवढ्या आल्या.

म्हातारी पुढे झाली. काकांच्या अंगाने पडलेला खड्डा तिने हुंगला, मान लांबवून कमी उंचीच्या भिंतीपलीकडचं अंगण बघितलं. मग पुढचे गुडघे टेकले आणि धप्पकन बसली. बसल्यावर तिने इतका मोठा सुस्कारा टाकला की काकू दुसरीकडे बघू लागल्या.

संध्याकाळी व्यापारी आला. म्हातारी डोळे मिटून रवंथ करत होती.

"उठवा तिला. चालवून बघतो."

काकू वाटेत आडव्या उभ्या राहिल्या. "भाऊ, आठ-दहा दिवसांनी आज पाठ टेकलीय तिने. मी नाही उठवणार."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"चहाला," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

चहा पिऊन व्यापारी गेला. सूज हळूहळू उतरली. काकांचं टेंगूळ त्या मानाने लवकर गेलं. त्यांनी स्टूल उचलून म्हातारीच्या समोर, जिथे फळी होती त्या बाजूला, भिंतीपलीकडे नेऊन ठेवलं. ते बोलतात आणि ती आता आडवी पडून ऐकते.

"तिला झोप लागावी म्हणून बोलता का हो?" काकूंनी विचारलं.

"छे," काका म्हणाले, "इथं वारा चांगला येतो."

भिंतीपलीकडे ते खरंही होतं.