मागच्या खोलीची भिंत

शेजारच्या गवंडीण आत्यांना मागून सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे का बघायची ती ओळंब्याची दोरी कायम कमरेला, आणि माणूसही त्या तसाच पारखायच्या. सरळ असला तर चहा, वाकडा असला तर तोंडावर शिवी. मला दोन्ही मिळालंय.

घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. मागचं माळरान भावाचं, तो गेल्यावर भाच्याचं. भाच्याला ते सौर प्रकल्पाला द्यायचं होतं. नियम असा, की राहत्या घराच्या भिंतीपासून शंभर मीटरच्या आत पॅनेल लावायचे नाहीत. आत्यांची मागची खोली नसती तर आणखी एक रांग बसली असती. तो आधी गोड बोलला, मग दारू पिऊन बोलला. आत्यांनी साफ सांगितलं, मी बांधते, पाडत नाही.

एका दुपारी तो घण घेऊनच आला. आत्या आडव्या गेल्या, तर त्या नालायकाने त्यांच्या अशी थोबाडीत दिली की दोन दात उंबऱ्यावर पडले. त्यांनी थापीने त्याचा गाल फाडला. मी मध्ये पडलो आणि त्याच्या कोपराने पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळलो.

मग तो बाहेरून भिंतीच्या पायथ्यावर घण घालू लागला. भिंत वरून उतरवतात, हे गवंड्याच्या घरात वाढलेल्याला कळायला हवं होतं. पण रागाने त्याचे डोळे फुटले होते. गवंड्यांची रीत अशी, की भिंत कलताना दिसली की "सरका" म्हणून हाक द्यायची, खाली वैरी का असेना. आत्यांनी ती जन्मभर दिली होती. त्या दिवशी त्या तोंडातलं रक्त पुसत नुसत्या बघत राहिल्या.

भिंत त्याच्यावर पडली. विटा त्यांनीच उपसल्या, नखं उखडेपर्यंत. पाय गुडघ्याखाली चेचला होता, कापावाच लागला.

दवाखान्यात त्याने विचारलं, "आत्या, भिंत कलताना दिसली नाही तुला?"

"दिसली."

"मग हाक का नाही दिलीस?"

"द्यायची नव्हती."

नंतर मोजणीवाले आले. त्या भिंतीबरोबर मागची खोलीच बसली होती, म्हणून त्यांनी टेप पुढच्या खोलीच्या भिंतीला लावला. अंतर नियमात बसलं आणि रांग लागली.

भाच्याला दुसरं कोण सांभाळणार? तो त्या उरलेल्या खोलीतच असतो. दुपारी पॅनेलांची चकाकी त्याच्या तोंडावर आली की आत्या त्याची खाट सावलीत ओढतात. ओढण्याआधी दर वेळी मोठ्याने सांगतात, "सांभाळ रे, सरकवतेय."