पडद्याची गाडी

ज्या आठवड्यात आमच्याकडे नवी गाडी आली, त्याच आठवड्यात माझ्या सासूबाईंनी डायलिसिसला जायचं बंद केलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं घरात कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

सासूबाईंना घरातले सगळे 'बाई' म्हणत. आम्ही मारवाडी जैन, जळगावच्या दाणा बाजारात डाळीचा व्यापार. घरात बोलणं मारवाडी आणि मराठी एकत्र कालवून चालतं. इथे मी ते सरळ मराठीत लिहिते आहे. बाईंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांना हॉस्पिटलात नेऊन मशीनला लावायचं आणि संध्याकाळी घरी आणायचं. केळीच्या जिल्ह्यात राहून केळं बंद, लोणचं बंद, पाणी मोजून. त्यांची ने-आण माझ्याकडे होती. नवरा मालासाठी सारखा बाहेरगावी असे, आणि ड्रायव्हर ठेवला तर बाई त्याच्याशी एक शब्द बोलत नसत, त्रास होत असला तरी सांगत नसत. म्हणून मीच.

जुनी गाडी सासऱ्यांनी घेतलेली. ते असताना त्यांना गाडी सजवायचं वेड होतं. चाकांच्या कडांना स्टीलच्या पट्ट्या, डॅशबोर्डवर लालसर फर, त्यावर चिमुकला पंखा. रिव्हर्स टाकला की आरतीची चाल वाजे आणि गल्लीतल्या गायी बाजूला होत. मागच्या सगळ्या काचांना मरून रंगाचे मखमली पडदे, खाली सोनेरी झालर, वर स्प्रिंगची तार. बाजारात तिला 'डोली' म्हणत. "डोली आली, सरका," असं हमालसुद्धा म्हणायचे. कधीकाळी ज्याच्याकडे पैसा होता त्याच्या गाडीला असे पडदे असत. आता ते फक्त जुन्या पुढाऱ्यांच्या आणि हौशी लोकांच्या गाडीला दिसतात. मी चालवायला लागले तेव्हा पहिलं काम केलं ते मागच्या मोठ्या काचेवरचा पडदा काढून टाकण्याचं. मला मागचं दिसायला हवं होतं. बाजूचे पडदे राहू दिले, कारण मला त्यांची अडचण नव्हती.

मग नवी गाडी आली. पांढरी, उंच, आत काहीही न लावलेली. नवऱ्याने हौसेने बाईंना तिच्यातून एकदा हॉस्पिटलात नेलं. पुढच्या खेपेला बाई म्हणाल्या, "आज नाही. थकवा आहे." त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. पायांवर सूज चढली. डॉक्टर फोनवर म्हणाले, पाणी फुप्फुसात उतरलं तर मला सांगू नका. पुण्याहून नणंद रोज व्हिडिओ कॉल करून रडायची. बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

तेव्हाच घरात एक वेगळी हवा तयार झाली. आधी चुलत सासूबाई आल्या, मग त्यांच्या सुना, मग बाजारातले दोन-तीन बुजुर्ग. आल्यावर कोणी तब्येत विचारत नव्हतं. पलंगापाशी उभं राहून हात जोडत होते. चुलत सासूबाई बाहेर येऊन माझ्या कानाशी म्हणाल्या, "भाव उंच आहेत त्यांचे. आता आपण मध्ये येऊ नये."

मला कळायला वेळ लागला. त्यांना वाटत होतं, बाईंच्या मनात संथारा आहे. संथारा म्हणजे आयुष्याच्या शेवटी समजून-उमजून, गुरूंच्या आज्ञेने, अन्नपाणी सोडत शांतपणे देह ठेवणं. ही थट्टेची गोष्ट नाही. माझ्या आजेसासऱ्यांनी तो घेतला होता आणि त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल आमच्या घरात अजून हळू आवाजात बोलतात. पण तो मागायचा असतो, जाहीर करायचा असतो. बाईंनी काहीच मागितलं नव्हतं. त्या फक्त हॉस्पिटलात जात नव्हत्या. आणि आमच्यात अशी पद्धत की ज्याच्या मनात असा भाव आहे असं वाटतं, त्याला "खरंच का?" असं विचारायचं नाही. विचारणं म्हणजे त्याला डळमळीत करणं. म्हणून कोणी विचारलं नाही. नवराही नाही. तो रात्रीचं जेवण अर्धं टाकून उठायचा, आणि मीही त्याला काही विचारत नव्हते.

त्याला इंदूरला जावं लागलं, नवी गाडी घेऊन गेला. दुपारी बाईंना धाप लागली. बोलताना वाक्य तुटायला लागलं. मी पर्समध्ये कागद भरले आणि म्हटलं, "बाई, उठा. मी गाडी काढते. नको म्हणालात तरी उचलून नेणार आहे."

त्या म्हणाल्या, "कोणती गाडी?"

"जुनीच आहे दारात. दुसरी इंदूरला."

बाई उठल्या. स्वतः चपला घातल्या. जिना माझा दंड धरून उतरल्या, पण उतरल्या. मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसल्या, डोक्यावरची ओढणी पुढे ओढली आणि पडदा दोन बोटं सरकवला. मी आरशात बघत होते. त्यांचा चेहरा त्या फटीला लागलेला होता.

टॉवर चौकात सिग्नलला थांबलो. धाप चालूच होती, तरी म्हणाल्या, "तिथे बांगडीवाला होता. कुठे गेला?"

"मला काय माहीत, बाई."

"बोर्ड मोबाइलचा लागलाय. तो म्हातारा गेला असेल." मग थोड्या वेळाने, "केळीवाल्याने ट्रक कसा आडवा लावलाय बघ. रावेरकडचा असणार. दोरी कशी बांधलीय."

त्या दिवशी मशीनवर त्यांच्या अंगातलं इतकं पाणी काढलं की सिस्टरने मला बाजूला बोलावून झापलं. मी ऐकून घेतलं. परतताना बाईंचा श्वास नीट होता. अंधारायला आलं होतं. घराच्या आधी, फुले मार्केटच्या पुढे मी गाडी कडेला घेतली आणि विचारलं. मला दुसरा मार्ग दिसत नव्हता.

"बाई, तुमच्या मनात संथाऱ्याचं आहे का?"

"कोणाच्या?"

"तुमच्या."

मला आधी खोकला वाटला. हसत होत्या. "माझ्या? मला अजून कैरीचं लोणचं खायचंय. डॉक्टर देत नाही म्हणून, नाहीतर आजच."

"मग लोक येऊन हात का जोडतायत?"

"मला काय माहीत! मी समजले, आपण जास्तच आजारी आहोत, कोणी सांगत नाही. सगळे हात जोडतात म्हणून मीही जोडले."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं असतं, पण मागून रिक्षावाला हॉर्न देत होता. पुढे घेतली. "मग जायचं बंद का केलं?"

म्हणाल्या, "त्या गाडीत बरणीत बसल्यासारखं वाटतं. चारी बाजूंनी काच. सगळे माझ्याकडे बघतात, मग मी खाली बघते. घरापासून हॉस्पिटलपर्यंत माझे गुडघे बघते, परत येताना परत गुडघे. तिथे छत. घरी भिंत. त्यापेक्षा पडून राहिलेलं बरं."

सासऱ्यांच्या राज्यात बाई रस्त्यावर चालत कधी कुठे गेल्या नाहीत. बाजार त्यांनी गाडीतून पाहिला, आणि तोही पडद्यातून. आम्हाला वाटायचं, पडदा त्यांना झाकायला आहे. सासऱ्यांनाही तसंच वाटत असणार. बाईंनी मखमलीच्या आत जाळीचा एक पदर स्वतः शिवून घेतला होता, हे मला त्या दिवशी कळलं. मखमल सरकवली तरी बाहेरच्याला आतलं दिसू नये, आणि आतून सगळं दिसावं. उघड्या चेहऱ्याने गावाकडे टक लावून बघण्याची सवय त्यांना कोणी लावली नव्हती आणि आता त्या वयात ती लागणार नव्हती. हा माझ्या मते चांगला नियम नाही. पण माझं मत काय आहे याचा त्यांच्या किडनीला काही उपयोग नव्हता.

नव्या गाडीला पडदे लावायचं मी आधी बघून आले. जळगावातला दुकानदार म्हणाला, "काकू, हे आता कोण लावतं? चुंबकाची जाळी घ्या, काळी." ती लावून पाहिली. बाईंच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना तिच्यातून फक्त काळोख दिसत होता. तार बसवायला छतापाशी भोक पाडावं लागेल म्हटल्यावर मेकॅनिकने नाही म्हटलं, तिथे एअरबॅग आहे. म्हणजे जुनीच गाडी ठेवायची.

अडचण एकच होती. ती विकली गेली होती. साक्रीकडच्या एका माणसाने फोनवर सौदा केला होता आणि तो गाडी न्यायला बसने निघालेलाही होता. नवरा म्हणाला, "तूच सांग त्याला. मला तोंड नाही."

माणूस आला. पन्नाशीचा, शेतकरी, बोलणं अहिराणी, हातात बॅटरीच्या वायरींची पिशवी. मी बोलायच्या आत तो गाडीभोवती फिरून आला. "पडदा शेतस ना आजून? मी वाटभर त्याच चिंतामा व्हतू." आत बसला. पंखा लावला. रिव्हर्स टाकून आरती वाजवली आणि डोळे मिटून पूर्ण ऐकली. "बठ्ठं ओरिजनल शे. मना घर अशा दोन गाड्या शेतस. बायको म्हनस, ताटं पण त्यासलेच वाढ."

मला त्याची गंमत वाटायला हवी होती. मी म्हटलं, "भाऊ, गाडी देता येणार नाही." आणि कारण सांगितलं, जसं होतं तसं. आजारी बाई, पडदा, हॉस्पिटल.

त्याने ऐकून घेतलं. वाद घातला नाही, भाड्याचे पैसेही मागितले नाहीत. मी चहा आणायला वळले तर तो मागच्या सीटवर गुडघे टेकून तार तपासत होता. "अक्कानी गाडी शे ती," म्हणाला, "पण स्प्रिंग ढिली शे. सरकाडाले जोर लागत व्हई त्यासले." वायरींच्या पिशवीतून पक्कड काढली, तार कापून आखूड केली, कड्या तेलाने पुसल्या. पडदा एका बोटाने सरकायला लागला. जाळी मात्र फाटली होती. तशी जाळी धुळ्यात कुठल्या गल्लीत मिळेल तेही त्याने सांगितलं. धुळे माझं माहेर, आणि मला ते दुकान माहीत नव्हतं.

जाताना दारात म्हणाला, "ताई, इकशात तव्हय मालेच सांगज्यात. दुसराले देऊ नका." विकू तेव्हा त्यालाच, एवढंच त्याला म्हणायचं होतं; आणि मग ती गाडी आम्ही कधी विकणार हे त्याच्या लक्षात आलं. तो चप्पल घालता घालता थांबला. "तसं नही म्हनं मी," म्हणाला. "कळलं मला," मी म्हटलं. गच्चीवरच्या खोलीत बाई झोपलेल्या होत्या.

पुढच्या रविवारी धुळ्याला गेले, जाळी आणली. बाईंनी ती स्वतः शिवली.

त्यानंतर त्यांनी एकही खेप चुकवली नाही. हात जोडायला येणारे लोक हळूहळू थांबले. त्यांना थोडं अवघडल्यासारखं झालं असावं. एका चौकात पोलिसाने पडद्यांसाठी अडवलं, दंड लावला, मी भरला. नवऱ्याला त्या गाडीत बसायची लाज वाटायची. मी म्हटलं, बसू नका.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, दिवाळी झाली. नंतर बाईंना बसवेना. मी त्यांना मागच्या सीटवर आडवं करून न्यायला लागले. पडदा सरकवला तरी झोपलेल्या माणसाला फक्त आकाश आणि विजेच्या तारा दिसतात. एकदा म्हणाल्या, "बाहेर काय आहे, सांग."

मी सांगितलं. "सिग्नल आहे. गर्दी आहे. डावीकडे बँक."

"बँकेपुढे कोण आहे?"

"लोक."

"कसले लोक?"

मला माणसांकडे बघत गाडी चालवायची सवय नव्हती. मला रस्ता दिसतो, खड्डा दिसतो. तरी बघायला लागले. एक बाई पायरीवर बसून चपलेचा अंगठा खिळ्याने नीट करते आहे, असं सांगितलं. टेम्पोत कापसाच्या गाठी, वर एक माणूस झोपलाय. पेपरवाल्याने स्टूल बदललंय. मी गप्प झाले की मागून "पुढे?" असा आवाज यायचा. एकदा चिडून म्हणाल्या, "तू फार गाळतेस. इतक्या लवकर चौक कसा संपला?" मग मी चौक सावकाश ओलांडायला शिकले. मागचे हॉर्न देत, देऊ देत.

शेवटची खेप सोमवारी झाली. गुरुवारी पहाटे त्या घरीच गेल्या.

दुखवट्याच्या बैठकीला चुलत सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या की भाभीजींनी तर चैत्रातच सगळं सोडलं होतं, देहाची आसक्ती उरलीच नव्हती. बायका माना डोलवत होत्या. त्यांचा हेतू चांगला होता, आणि आमच्यात मेलेल्या माणसाबद्दल याहून मोठं काही बोलत नाहीत. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"नाही, काकीजी," मी म्हटलं. "सोमवारपर्यंत त्या हॉस्पिटलात जात होत्या. त्यांना जगायचं होतं."

नवरा दारापाशी उभा होता. तो आत येऊन माझ्याजवळ सतरंजीवर बसला, आणि बैठक पुढे चालू झाली.