आप्पांची कळकाची सुरी

दर गुरुवारी दुपारी बेळगावहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीची वाट पाहत निपाणीच्या मोटारस्टँडवर उभे राहायचे, हा गेल्या चार वर्षांतला माझा नेम होता. मोटार थांबली की ड्रायव्हरमामा आपल्या सीटखालून एक गठ्ठा काढीत. सुतळीने आवळलेला, आणि वर आप्पा देसूरकरांच्या ठसठशीत अक्षरात माझे नाव. आत दोन-तीन नवी पुस्तके आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत बहुतेक वेळा एवढेच असे, "घाई करू नको." त्या गुरुवारी मामा उतरले, पण सीटखाली वाकले नाहीत. टपावरच्या सामानाच्या दोऱ्या उगाचच सोडत राहिले. शेवटी मीच विचारले, "मामा, गठ्ठा?" त्यांनी टोपी काढून हातात धरली. "गठ्ठा न्हाय आला. मास्तर गेले, रघुनाथराव... काल सकाळी. आक्कांनी सांगून धाडलंय." समोरच्या वखारीतून तंबाखू निवडणाऱ्या बाया बाहेर पडत होत्या, स्टँडवर ओरडाआरडा चालला होता, आणि मी मात्र अजून त्या सीटखालच्या रिकाम्या जागेकडेच बघत होतो.

आता दीड महिना होत आला. आप्पा म्हणजे या साप्ताहिकातले 'नवी पुस्तके' हे सदर, एवढीच बहुतेक वाचकांची ओळख. सदराखाली त्यांनी कधी पुरते नाव घातले नाही. देसूरच्या शेतकऱ्याचा हा मुलगा, बेळगावच्या एका शाळेत मराठी शिकवी आणि उरलेल्या वेळात, कुणी पाठवले म्हणून आलेले प्रत्येक पुस्तक वाची. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. कादंबरी, कविता, अभंगांवरचे निरूपण, उसाची लागवड, गुरांची औषधे, नाटके, पोहण्याची कला... ज्यावर सविस्तर लिहिणे जमत नसे त्याची निदान 'साभार पोच' तरी छापायची, म्हणजे पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, पाने किती. "माणसानं एवढं लिवून धाडलंय, मिळालं एवढं तरी सांगाय नको का रं?" असे म्हणायचे.

मी त्यांच्याकडे गेलो तो एक मोठा अडाणी माणूस म्हणून गेलो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी पत्रकांवर वाढलो. माझे काका तंबाखूच्या बोदांत, म्हणजे गासड्यांत, लपवून पत्रके गावोगाव पोचवीत आणि त्यांतले एकेक मला वाचायला ठेवीत. बेचाळीसच्या धामधुमीत ती मी स्वतः वाटली, नंतर स्वतः लिहिली. एक कागद, एक घडी, चार पाने. उभ्या उभ्या वाचावे आणि पेटून उठावे. माझी अशीच तीन पत्रके घेऊन मी आप्पांकडे गेलो आणि म्हणालो, "परीक्षण लिहा." त्यांनी ती तिन्ही शांतपणे वाचली, चष्मा वर केला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला, सगळ्या गल्लीसारखीच हाक मारीत, म्हणाले, "आक्का, चहा टाक. पोरगं लई तापलंय." मग माझ्याकडे वळून, "लिहितोस बरं. पण सगळीकडं एकाच आवाजात ओरडतोस. थोडं दुसऱ्याचं वाच." आणि माझ्या हातात पहिला गठ्ठा पडला.

आप्पांचे घर म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. पडवीत भिंतीला टेकून ते बसत, मांडीवर पुस्तक आणि हातात कळकाची सुरी. अजूनही आपल्याकडची कितीतरी पुस्तके छापखान्यातून पाने न कापताच येतात. सोळा-सोळा पानांचे घडी घातलेले फर्मे शिवलेले असतात आणि पानांच्या कडा एकमेकींना जोडलेल्याच राहतात. वाचणाऱ्याने त्या स्वतः कापून घ्यायच्या. खानापूरकडच्या एका बुरुडाने बांबूची कांब तासून आप्पांना ती सुरी करून दिली होती. लोखंडी सुरी कागदात शिरते, कळकाची कागदाला समजावून घेते, असे ते म्हणत. ते वाचत जात आणि कापत जात. पुढचे पान आधी कापून ठेवायचे नाही. कापलेल्या कडांचा पांढरा भुसा त्यांच्या धोतरावर, बाहीवर, मिशीवर बसे. ते उठू लागले की आतून आक्का ओरडत, "झटकून उठा, झटकून! घरभर करू नगा!" आप्पा मुद्दाम दोन पावले घरात टाकून मग झटकीत.

पुस्तकाची परीक्षा घेण्याची त्यांची रीतच निराळी होती. पाकशास्त्राचे पुस्तक आले तर ते आक्कांच्या हाती जाई. एकदा चिरोटे काही केल्या फुलेनात. तेव्हा आप्पांनी लिहिले होते, "चिरोटे पुस्तकात फुलतात, आमच्या कढईत फुलले नाहीत. दोष कढईचा असेल म्हणून शेजारची आणली. तिच्यातही नाहीत." उसाच्या लागवडीचे पुस्तक घेऊन ते देसूरला भावाकडे गेले. भाऊ बांधावर बसून ते ऐकत राहिला आणि म्हणाला, "ह्यानं ऊस खाल्लाय, लावल्याला न्हाय." परीक्षणाला आप्पांनी तेच शेवटचे वाक्य म्हणून घातले. कवितासंग्रह मात्र ते दोनदा वाचत, एकदा पडवीत आणि एकदा चालताना. कुणाची खोटी स्तुती नाही, आणि कुणाची उगाच चामडी सोलणे तर नाहीच. मला हे मिळमिळीत वाटे. देश पेटलेला असताना समीक्षकाने हातात आसूड घ्यायला हवा, असे मी त्यांच्या तोंडावर म्हटले होते. ते हसून म्हणाले होते, "आसूड घे की. पण बैल आपलाच हाय का बघून घे."

आता जे सांगायचे आहे ते सांगितल्याशिवाय आप्पा कळणार नाहीत, म्हणून सांगतो. दुसऱ्या वर्षी सुगीत आप्पा आठवडाभर देसूरला गेले आणि सदर माझ्यावर सोपवून गेले. गठ्ठ्यात खानापूरच्या उमाबाई नावाच्या बाईंचे एक पुस्तक होते. घरगुती साठवण, लोणची, मुरंबे, पापड. प्रस्तावनेत पतिसेवेवर दोन पाने. मी पहिला फर्मा कापला, सोळा पाने वाचली आणि माझे डोके फिरले. एका बैठकीत परीक्षण लिहिले. तुरुंग तरुणांनी भरलेले असताना बरण्या भरायला शिकवणारी ही बाई स्त्रीजातीला स्वयंपाकघरात कोंडू पाहते आहे, असे आणि याहून बरेच कडक. संपादकांना ते फार आवडले. छापून आल्यावर मला रस्त्यात दोघांनी शाबासकी दिली.

आप्पा परत आले, त्यांनी अंक वाचला आणि मला बेळगावला बोलावून ते पुस्तक मागितले. कडेवरून अंगठा फिरवला. पहिल्या फर्म्यानंतर अंगठा अडला... पुढची सगळी पाने जशीच्या तशी जोडलेली. खोटे बोलायला जागाच नव्हती. "रघू," ते म्हणाले, "ही पानं कुणी कापायची? लिहिणारीनं?" त्यांनी सुरी उचलली, एकेक पान कापले आणि कापलेले पान माझ्यापुढे धरले. "वाच. मोठ्यानं." मी वाचू लागलो. आंब्याचे लोणचे, लिंबाचे लोणचे, आणि त्यानंतर 'दुपारची वेळ' नावाचे एक प्रकरण. घरची कामे आवरल्यावर गावातल्या बायांना ओटीवर बसवून उमाबाई अक्षरे शिकवीत होत्या. दिराने पाट्या उचलून गोठ्यात फेकल्या. त्यांनी त्या शेण धुऊन परत आणल्या. मांगवाड्यातल्या दोघीजणी अंगणात बसत, तर एक दिवस त्यांनी सगळ्यांनाच अंगणात बसवले, म्हणजे वरची-खालची जागाच उरली नाही. मी तीन पत्रकांत जे नुसते ओरडलो होतो, ते या बाईने करून, वर साध्या भाषेत लिहून ठेवले होते. पुढच्या पानापासून पुन्हा मुरंबे. "मधेच का घातलंय हे?" मी विचारले. आप्पा म्हणाले, "घरातल्या कर्त्यानं, म्हंजे त्या दिरानं, परवानगी दिल्याबिगर बाईचं पुस्तक छापतंय कोण? त्यानं सुरवातीची चार पानं वाचली असतील, पतिसेवा बघितली, हो म्हणाला." मग सुरी खाली ठेवून, "तिच्या दिरानं वाचलं तेवढंच तू वाचलंस बघ."

कुणी आसूड मारला असता तर परवडले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही रेल्वेने खानापूरला गेलो. उमाबाई पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या. मी कोण हे आप्पांनी सांगितले, तरी त्यांनी आधी पाणी दिले. मी क्षमा मागू लागलो तर म्हणाल्या, "माझं जाऊ दे. पण आमच्या बायांनी वाचलंय हो ते. कुणीतरी अंक आणून दिला. वर्तमानपत्र म्हणून आयुष्यात पहिल्यांदा जे वाचलं, ते हेच. एकेक अक्षर लावून लावून." ओटीवर चार-पाच जणी पाट्या घेऊन बसल्या होत्या. त्यांतली गंगव्वा नावाची एक म्हातारी आप्पांकडे बघून म्हणाली, "मास्तर, लिवणाऱ्याला बुक पोचलंच न्हाय का काय? दुपारचं कायच लिवलं न्हाय त्यानं." आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "आजी, बुक पोचलं होतं. मीच उघडलं न्हाय." ती मग म्हणाली, "मग उघड की आता. हात हायत न्हवं?" सगळ्या हसल्या, आप्पाही हसले. मला हसता आले नाही.

पुढच्या अंकात मला सरळ छापायचे होते की मी सोळा पाने वाचून हे लिहिले. संपादक म्हणाले, साप्ताहिकाची अब्रू जाईल. 'अनवधानाने' असा शब्द घाला आणि संपवा. मलाही तो शब्द मनातून बरा वाटला, हे कबूल करतो. आप्पा म्हणाले, "अनवधान न्हवं, आळस. आणि वरनं गर्व. हे छापलं तर माझं सदर पुढं चालंल, नसलं तर न्हाय." छापले. अब्रू गेली ती माझी, आणि ती जायलाच हवी होती. त्याखाली आप्पांनी त्या पुस्तकाचे परीक्षण लिहिले. त्यात माझा उल्लेखही नव्हता. फक्त शेवटी एक ओळ होती, की आक्कांनी केलेला मुरंबा टिकला आहे.

त्यानंतर मी पत्रके सोडली नाहीत, पण त्यांतला आवाज बदलला असे लोक म्हणतात. दोन वर्षे खपून मी एक पुस्तक लिहिले, तंबाखूच्या वखारींतल्या बायांवर. छापून आल्यावर पहिली प्रत, पाने न कापलेली, मी त्याच ड्रायव्हरमामांच्या सीटखाली ठेवून आप्पांना पाठवली. सोबत चिठ्ठी लिहिली, "घाई करू नका." खरे तर मला घाई झाली होती. बाकी कुणी काय म्हणते याची मला फारशी फिकीर नव्हती. एका माणसाचा अभिप्राय मला हवा होता. तीन गुरुवार गेले. गठ्ठ्यात त्याबद्दल अक्षर नसे, आणि मीही विचारले नाही. चौथ्या गुरुवारी गठ्ठाच आला नाही.

तेराव्यानंतर मी बेळगावला गेलो. पडवीत त्यांच्या जागी कुणी बसत नव्हते. फळीवर माझे पुस्तक आडवे ठेवलेले होते आणि त्याच्या मध्याला कळकाची सुरी खुपसलेली. एकशे बारा पाने कापलेली. पुढची एकशे चार मिटलेली. आप्पा अभिप्रायाचे टिपण वेगळ्या कागदावर करीत, पण शेवटचे पान कापल्याशिवाय त्यावर एक अक्षर लिहीत नसत. तो कागद पुस्तकाखाली होता. कोरा. मी आक्कांना विचारले, "वाचताना काही म्हणाले का?" त्यांनी आठवून पाहिले. "एकदा हसले. एकदा 'छे छे' म्हणाले. कुठल्या पानाला ते मी कसं सांगू बाबा? मी आत भाकऱ्या करत होते."

सदर आता मी चालवावे असे संपादकांचे म्हणणे पडले. त्यांनीच सुचवले की आप्पांनी शेवटी हातात घेतलेले पुस्तक म्हणून तुझ्या पुस्तकाबद्दल चार ओळी येऊ देत. आवडले होते असे लिहायला हरकत नाही, हसले होते ना? त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. आणि मोह मला झाला नाही असेही नाही... पण एकशे बारा पानांवरून दोनशे सोळा पानांचा अभिप्राय आप्पांच्या नावावर कसा छापू? गेल्या अंकात वाचकांनी पाहिलेच असेल, 'साभार पोच'मध्ये इतर पुस्तकांबरोबर त्याचे नाव आहे, लेखकाचे नाव आहे, पाने दोनशे सोळा. इतकेच.

सुरी त्या पुस्तकातून ओढून काढायला माझा हात होईना. आक्कांनीच काढली आणि माझ्या हातात दिली. "ते राहू दे तसंच," माझ्या पुस्तकाकडे बोट करून म्हणाल्या, "पण ती बघ की, किती थांबल्यात." कोपऱ्यात गठ्ठा होता, मोटारीवर चढायचा राहिलेला. वरचे पुस्तक शेळ्या पाळण्याबद्दलचे होते. शेळीतले मला काही कळत नाही, देसूरला जावे लागणार. मी भिंतीला टेकून बसलो, पहिले पान कापले, वाचले, दुसरे कापले. बऱ्याच वेळाने पाय अवघडले म्हणून उठू लागलो, तशी आतून आक्कांची हाक आली, "झटकून उठा, झटकून! घरभर..."

आणि त्या मध्येच थांबल्या. मी पुरता उभा राहिलो. मग दोन पावले घरात टाकली, आणि झटकले.