मातीचं सार

माझ्या तिसऱ्यांत रेव लागली असं चौलमध्ये कुणी म्हटलं, तर मी त्याच्या दारात जाऊन भांडून येईन. रेवदंड्याच्या रस्त्याला आमची खानावळ आहे आणि माझं निम्मं आयुष्य अन्नातून वाळू काढण्यात गेलं आहे. तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, त्यांनी वाळू टाकली की पाणी बदलायचं, पुन्हा ठेवायच्या. तांदूळ निवडताना माझ्याशी कुणी बोललेलंही मला खपत नाही.

अशा बाईच्या पोटच्या मुलीने एके दिवशी जाहीर केलं की ती गिऱ्हाइकांना माती खायला घालणार आहे.

मुलगी मुंबईला मोठ्या हॉटेलात स्वयंपाकाला होती. ती नोकरी सोडून घरी आली आणि तिला पर्यटकांच्या परदेशी जहाजावर काम मिळत होतं. "आये, माझा एक पदार्थ इथं लावून बघते. चालला तर राहते, न्हायतर जाते," ती म्हणाली. ती राहावी म्हणून मी गावदेवीला नारळ बोलले. नारळ बोलण्याआधी पदार्थ कोणता, ते विचारायला हवं होतं.

पदार्थ म्हणजे मातीचं सार. मागच्या सुपारीच्या वाडीतली खोलवरची माती काढायची, खरपूस भाजायची, पाण्यात चांगली उकळायची, फडक्यातून गाळायची, मग कोकम, मीठ आणि नारळाचं दूध. थोडा बारीक गाळ मात्र तळाला राहिलाच पाहिजे, तीच खरी चव. परदेशात म्हणे लोक आधी टेबल राखून ठेवून असलं खातात.

"रांगत होतीस तवा वसरीवरची माती खाल्लीस, तर तुझ्या आयेनं घशात बोट घालून काढली," आमचे हे तिला म्हणाले. "आता तीच आये तुझी माती वाढणार." मला राग आला, कारण ते खरं होतं.

माझी पुरती गोची झाली होती. लोकांनी ते सार तोंडाला लावताच थुंकावं, असं माझ्यातल्या स्वयंपाकिणीला वाटायचं, आणि वाटी चाटूनपुसून साफ करावी असं आईला.

शनिवारी दुपारी किहीमला बंगला असलेली काही मंडळी मुद्दाम सार चाखायला येणार होती. सकाळी मुलीने माती उकळून, गाळून पातेलं बाजूला ठेवलं आणि ती केळीची पानं कापायला गेली. मी झाकण उचलून बघते तर वर निवळ पाणी आणि खाली गाळ. माझे हात काही मला विचारून चालत नाहीत. वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढलं, गाळ केळीच्या बुंध्याशी ओतला आणि पातेलं घासून पालथं घातलं. पालथं घातल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तेवढ्यात मंडळी दारात गाडीतून उतरली, आणि त्या धांदलीत तिसऱ्यांचं पाणी बदलायचं राहून गेलं.

मी पुढे सरकवलेल्या भांड्यातच मुलीने घाईघाईत कोकम आणि नारळाचं दूध घालून वाट्या भरल्या. दुधाखाली काय आहे नि काय नाही, कुणाला दिसणार? मंडळींनी डोळे मिटून घोट घेतले. "पायाखालची जमीन पोटात उतरल्यासारखं वाटतंय," एक बाई म्हणाल्या. बाई पीत होत्या ती कोमट सोलकढी. तीच आम्ही रोज थाळीबरोबर देतो, आणि तिच्यासाठी आजवर कुणी डोळे मिटले नव्हते.

मग तिसऱ्या वाढल्या. एका गृहस्थांच्या दाताखाली कचकन वाजलं, ते मला चुलीपाशी ऐकू आलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"वा, इथेही माती," ते म्हणाले. "काय कल्पना आहे." आणि त्यांनी आणखी वाढायला सांगितलं.

मंडळी गेल्यावर मुलीने उरलेलं सार चाखलं आणि माझ्याकडे बघितलं. "गाळ कुठं हाय?"

"केळीला."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती खाली फरशीवर बसली. "त्यांना कळलंच न्हाय, आये. सोलकढी पिऊन मातीचं कवतिक करून गेली. ज्यांना कळत न्हाय त्यांच्यासाठीच करायचं, तर जहाज काय वाईट हाय?"

पदार्थ चालला होता आणि त्याच्याच पायी माझी मुलगी चालली होती. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते. "परत कर," मी म्हटलं. "मला वाढ. गाळासकट."

संध्याकाळी तिने पुन्हा सार केलं. पहिला घोट घेतला तेव्हा सगळं अंग थुंक म्हणत होतं. मी गिळला. मग दुसरा घेतला, नीट जिभेवर फिरवून.

"भाजल्याचा वास चांगला हाय," मी म्हटलं. "मीठ कमी. आणि गाळ जाड. दाताला लागतो."

"कुठं लागतो? एवढासा तर हाय."

"एवढासाच लागतो."

"तुला सगळंच लागतं."

"लागतंच. असलं मी माझ्या खानावळीत वाढायची न्हाय."

तिने वाटी माझ्या हातातून हिसकावली आणि स्वतः चाखली. मग माझी जुनी मऊ साडी मागून घेतली आणि फाडून तिची चौपदरी गाळणी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीही आमचं तेच चाललं होतं. माझं म्हणणं, अजून लागतो. तिचं म्हणणं, माझे दातच खोटे. एवढ्यात फोन वाजला. जहाजवाल्यांचा होता. तिचे दोन्ही हात मातीत होते.

"आये, तू घे," ती मान वर न करता म्हणाली. "सांग, न्हाय येत."

माझं हिंदी बाजारापुरतं. "वो नहीं आयेगी," मी सांगितलं. पलीकडच्याने कारण विचारलं.

"उसका मिट्टी अभी बराबर नहीं हुआ," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.