काकांच्या वळकटीतले ढेकूण

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत माझे काका सत्याग्रह करून तुरुंगात गेले. सुटून आले तेव्हा फणसवाडीतल्या आमच्या चाळीने त्यांना हारांनी मढवलं. काकांबरोबर त्यांची वळकटी आली आणि वळकटीबरोबर ढेकूण आले. ढेकणांना कोणी हार घातला नाही.

तोवर आमच्या खोलीत डीडीटीची पावडर मारली की खाटेखाली मेलेल्या ढेकणांचा सडा पडायचा. या खेपेला काकूने पावडर मारली, पुन्हा मारली, तरी काका खाजवतच राहिले.

"भेसळ आहे," काका म्हणाले. "हे सरकार पावडरसुद्धा खरी देत नाही."

त्या दिवसांत दूध नासलं तरी काका सरकारलाच धरायचे.

मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. घरात त्या शिक्षणाचा उपयोग झुरळ निघालं की मला हाक मारण्यापुरता. पावडर खोटी की ढेकूण वेगळे, हे बघायला मी दोन बरण्या घेतल्या. एकीत वळकटीतले ढेकूण, दुसरीत शेजारच्या आजींकडचे. आजींनी सोवळ्यापायी औषधाला कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता. दोन्ही बरण्यांत एकाच डब्यातली पावडर भुरभुरवली.

दुसऱ्या दिवशी आजींचे सोवळे ढेकूण उताणे पडले होते. काकांचे मजेत फिरत होते.

काका खूश झाले. "बघ! तुरुंगाने त्यांनाही पोलादी केलं!"

"कोणी पोलादी झालं नाही, काका. आईबापांचे गुण पिल्लांत उतरताना मधेच कुठे नक्कल चुकते. बऱ्याच चुका फुकट जातात. एखादी अशी निघते की त्या ढेकणाला डीडीटी बाधत नाही. तुरुंगात सारखी फवारणी होत असणार. साधे मेले, असले उरले आणि पुढची पिल्लावळ त्यांचीच. औषधाने त्यांना काही शिकवलं नाही, नुसतं निवडलं."

काकू तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे तुरुंगात जाऊन कोणी शूर होत नाही? मुळात असेल तेवढाच बाहेर येतो?"

"मी ढेकणांचं बोलतेय, काकू."

"मीही ढेकणांचंच."

काका बरणीकडे बघत म्हणाले, "आत मी फार घाबरलो होतो. एकदा रडलोसुद्धा."

काकूचा हात सुपात थांबला. "मग गेलात कशाला?"

"सगळे निघाले होते. मागे फिरायची लाज वाटली."

काकूला हसू आवरेना. काका सुटून आल्यापासून त्यांची नुसती भाषणं ऐकत होती बिचारी. तिने उठून त्यांना चहा करून दिला, साखर जरा सढळ हाताने घालून.

रविवारी आम्ही खाट सुटी केली आणि तिच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं. वळकटीही उकळून काढली. त्यापुढे तुरुंगातल्यांचंही काही चाललं नाही. पण तोवर काही जण दोन खोल्यांमधल्या फळ्यांच्या फटीतून पलीकडे गेले होते. आठवडाभराने आजी दारात आल्या, दंड खाजवत.

"तुमचे सत्याग्रही आमच्याकडे आलेत," त्या म्हणाल्या. "पाणी तापवा. आणि हो, सोवळ्याचं भांडं घेऊन ये म्हणावं तुझ्या काकूला, नाहीतर राहू दे, कुठलंही चालेल."